चारशे त्रेचाळीसवर नाबाद

'महाराष्ट्राचा संघ' म्हटले की निम्म्या लोकांचा घोटाळा होतो. रणजी स्पर्धेत आपल्या राज्याचे तीन संघ : मुंबई, विदर्भ आणि उरलेला तो महाराष्ट्र, म्हणजे मुख्यत्वे पुणे आणि आसपास. १९६० साली राज्य एक झाले, क्रिकेटचे नकाशे मात्र जुनेच राहिले. आमच्या पालघरचा शार्दूल ठाकूरसुद्धा मुंबईकडूनच खेळत आला. जव्हारच्या शाळेत हे समजावताना एखादा पोरगा हमखास विचारायचा, "गुरुजी, मग मुंबई महाराष्ट्रात नाही का?" भात कापून झाले की रिकाम्या वावरात फळकुटाची बॅट घेऊन खेळणारी ही मुले, पण प्रश्न मात्र बिनतोड !

असो. आज लिहायचे आहे ते याच उरलेल्या महाराष्ट्राबद्दल.

या संघाचे खरे वैभव एका मास्तरांच्या हाती आले, याचा मला (मास्तर असल्यामुळे) जरा जास्तच आनंद होतो. प्रा. दि. ब. देवधर पुण्यात संस्कृत शिकवायचे. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. पहिल्या वर्षी विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध खुद्द देवधरांनी २४६ काढल्या, तेव्हा ते एकोणपन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. आणि बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके ! आमच्याकडे या वयात मास्तर लोक पेन्शनचा हिशेब मांडायला लागतात.

पण मला नेहमी आठवतात ते भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचा माणूस. डिसेंबर १९४८, पूना क्लबचे मैदान, समोर काठियावाडचा संघ. काठियावाड २३८ धावांत आटोपले आणि मग निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ करून परतले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी मध्यंतराला धावफलक होता चार बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५२. म्हणजे आणखी दहा धावा. दोन षटकांचे काम.

पण काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. आता पुरे, डाव सोडा नाहीतर आम्ही निघालो, असा त्यांचा पवित्रा. महाराष्ट्राकडून थोडा वेळ मागितला गेला, तो त्यांनी दिला नाही. संघ सामान बांधून निघून गेला, सामना बहाल झाला आणि ४४३ तिथेच थांबले.

ठाकोरसाहेबांना या गोष्टीवरून फार बोल लावले जातात. लावावेतच. आपल्या संघाच्या नावावर असा विक्रम जाऊ नये ही राजेशाही अब्रू समजू शकतो, पण मैदान सोडून जाण्याने ती राहिली कुठे? आज निंबाळकरांबरोबर त्यांचे नाव निघते ते यासाठीच. तरी मला वाटते, दहा धावांपेक्षा मोठा अन्याय त्यानंतर झाला. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात कसोटी खेळत होता. डिसेंबर अखेरीपासून कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा कसोट्या व्हायच्याच होत्या. ४४३ ताजे असताना निंबाळकरांना बोलावणे आले नाही. हजारे, रुसी मोदी अशी तगडी मधली फळी होती, हे खरे. पण पुढेही कधी आले नाही. कॉमनवेल्थ संघाविरुद्धचा एक अनधिकृत सामना, बस्स. प्रथम श्रेणीत पन्नासच्या जवळपास सरासरी असलेला हा फलंदाज एकही कसोटी न खेळता निवृत्त झाला. ते गोलंदाजीही करत, वेळ पडली तर यष्टिरक्षणही.

त्याच हंगामातली आणखी एक गंमत. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. सात दिवस चालला ! मुंबई ६५१ आणि ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा आजवर झालेल्या नाहीत. चौथ्या डावात सहाशे काढूनही आपण ३५४ धावांनी हरलो, याला काय म्हणावे !

त्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती तशी दुःखाचीच आहे. १९७०-७१ ला अंतिम फेरी. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावस्कर वेस्ट इंडिजमध्ये. सुधीर नाईकांची उरलीसुरली मुंबई समोर, आणि तरी आपण ४८ धावांनी हरलो. मी तेव्हा कॉलेजात होतो. दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. मग १९९२-९३ ला पंजाबकडून हार. २०१३-१४ ला केदार जाधवने हंगामात १२२३ धावा केल्या, करंडक मात्र कर्नाटकाने नेला.

निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. हनीफ मोहम्मद आणि लारा ब्रॅडमनच्या पुढे गेले, पण कुठल्याही भारतीयाची सर्वोच्च खेळी अजून तीच, नाबाद ४४३. आणि त्या काठियावाडच्या मुलखातला आजचा संघ म्हणजे सौराष्ट्र. त्यांनी २०१९-२० आणि २०२२-२३ ला रणजी जिंकली. आपल्याकडे १९४१ नंतर करंडक आलेला नाही.