पडद्यावरील कुंतीच्या लेकी

अविवाहित मुलीच्या मातृत्वाची कथा चित्रपटवाल्यांनी प्रथम आणली आणि समाजाची घडी विस्कटली, असा आक्षेप आपल्या मंडळींत वेळोवेळी ऐकू येतो. इतिहासाच्या कसोटीस तो उतरत नाही. देवळाच्या सभामंडपात बसून महाभारताची कथा ऐकणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना ही कथा पूर्ण ठाऊक होती. दुर्वासांनी दिलेल्या मंत्राची प्रचीती पाहावी या बालसुलभ कुतूहलातून कुंती माता झाली आणि लोकापवादाच्या भयाने तिने तान्ह्या कर्णाला पेटीत घालून नदीत सोडले. पुढे ती राणी झाली, पांडवांची माता झाली. परंतु तिच्या मनातील ती भयभीत कुमारी तशीच राहिली. युद्ध संपून मृतांना तिलांजली देण्याची वेळ आली, तेव्हा कोठे तिने पुत्रांसमोर सत्य उच्चारले. तोवर धाकट्या भावाच्या हातून थोरला पडला होता.

दुसरी कथा शकुंतलेची. महाभारतातील शकुंतला पुत्राला हाताशी धरून दुष्यंताच्या सभेत उभी राहते आणि राजाला सत्याचा अर्थ स्वतःच्या मुखाने सांगते. कालिदासाने दोष शापाकडे आणि हरवलेल्या अंगठीकडे वळविला, त्यामुळे राजाचा अपराध सौम्य झाला. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे: कण्वांनी आश्रमात परतल्यावर सारे जाणले आणि मुलीला दूर लोटले नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणले. १९४३ साली व्ही. शांताराम यांनी राजकमलचा पहिला चित्रपट म्हणून तीच कथा निवडली. मौन पाळणारी कुंती आणि बोलणारी शकुंतला, या दोन वाटांपैकी आपल्या चित्रपटांनी कोणती धरली, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कोवळ्या वयातील मातृत्व ही आपल्या समाजाला अपरिचित गोष्ट नव्हती. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय ठरविले, तेही अवघे चौदा वर्षे. अठरा वर्षांची मर्यादा १९७८ साली आली. चौदा-पंधरा वर्षांची माता घरोघरी होती आणि तिचे डोहाळजेवण थाटाने होत असे. आक्षेप वयाला नव्हता, मंगलसूत्राच्या अभावाला होता. बालविधवेवर असा प्रसंग आला तर तिला विहीर तरी जवळ करावी लागे, नाही तर तीर्थक्षेत्राची वाट धरावी लागे. म्हणूनच जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडावे लागले. अशाच एका विधवेचा पुत्र यशवंत त्यांनी दत्तक घेतला. ज्या आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई' काढला, त्यांनीच पुढे 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला आणि १९५४ सालासाठी त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. प्रश्न समाजात जुना होता. पडद्यावर तो उशिराच आला.

बॉम्बे टॉकीजच्या 'किस्मत' चित्रपटात १९४३ साली नायिकेच्या धाकट्या बहिणीवर हा प्रसंग येतो. कलकत्त्याच्या एका चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला, यावरून प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरविली नाही हे उघड आहे. परंतु त्या मुलीला स्वतःचा असा शब्द नाही. तिचे भवितव्य वडीलधारे ठरवितात आणि विवाह जुळला की प्रश्न मिटतो.

१९५९ सालच्या 'धूल का फूल' मध्ये यश चोप्रांनी एक पाऊल पुढे टाकले. कॉलेजात शिकणारी नायिका फसविली जाते, मूल अरण्यात ठेवते आणि एक वृद्ध मुसलमान त्याला वाढवितो. पेटीच्या ठिकाणी अरण्य आणि अधिरथाच्या ठिकाणी अब्दुल रशीद, कथा कुंतीचीच. नवीन एवढेच, की पिता पुढे न्यायाधीश होतो आणि स्वतःच्याच मुलासमोर न्यायासनावर बसतो. दोष कोणाचा, हा प्रश्न येथे पुरुषाच्या दारात नेऊन ठेवला आहे आणि त्याबद्दल त्या चित्रपटाचे ऋण मानले पाहिजे.

दहा वर्षांनी, १९६९ साली, 'आराधना' आला. नायक-नायिका देवासमोर विवाहबद्ध होतात, पण त्याला मानवी साक्षीदार नाही. वैमानिक पती अपघातात दगावतो, सासरचे विवाह नाकारतात आणि आपल्याच मुलाला तिला दाई म्हणून वाढवावे लागते. मंदिराला सामाजिक जीवनाचे केंद्र मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी येथे क्षणभर थांबावे. देव साक्षी होता, हे समाजाला पुरेसे वाटले नाही. आणि तरी त्याच समाजाने चित्रपटगृहात तिच्यासाठी अश्रू ढाळले. अखेरीस मुलगा भर समारंभात तिला आई म्हणून पुढे आणतो. हे कुंतीच्या वाट्याला आले नव्हते. मात्र त्यासाठी नायिकेला तारुण्य आणि तुरुंगातील वर्षे मोजावी लागली. तिची वाढ झाली ती सोसण्यात.

मराठीत या सोसण्याला पहिला तीक्ष्ण प्रश्न विचारला तो विजय तेंडुलकरांनी. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ सालचे. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. लीला बेणारे ही प्रौढ शिक्षिका आहे, परंतु तिच्या दुःखाचे मूळ किशोरवयात, स्वतःच्या मामाने केलेल्या विश्वासघातात आहे. खेळातल्या न्यायालयात सारे सभ्य गृहस्थ तिच्यावर तुटून पडतात आणि प्रोफेसर दामले रंगमंचावर येतही नाही. पुरुषाच्या अनुपस्थितीइतके बोलके पात्र मराठी नाटकात क्वचितच सापडेल.

इसवी २००० मधील 'क्या कहना' या चित्रपटास आम्ही या परंपरेत महत्त्वाचे स्थान देतो, आणि ते कलागुणांसाठी नव्हे. त्यात नाट्य भडक आहे, उपदेशही पुष्कळ आहे. परंतु नुकत्याच कॉलेजात गेलेल्या मुलीला प्रथम घराबाहेर काढणारे आईवडीलच तिला परत आणतात, आणि ती उदरातील मुलासह पुन्हा वर्गात जाऊन बसते. फसविणारा तरुण शेवटी पश्चात्तापाने हात पुढे करतो, तो ती नाकारते. 'किस्मत'मध्ये जो विवाह उत्तर म्हणून आला, तोच येथे मुलगी स्वतःच्या विचाराने तोलते. दुसऱ्या सत्पात्र तरुणाशी तिचा विवाह लावल्याखेरीज दिग्दर्शकाला राहवले नाही, ही उणीव खरी. तरी सत्तावन्न वर्षांत मौनापासून निवडीपर्यंतचा प्रवास झाला, हे नाकारता येत नाही.

आणि हा फरक कशाने पडला? मुलीच्या सद्‌गुणांनी नव्हे. त्या बाबतीत 'आराधना'ची नायिका कोणाहून उणी नव्हती. फरक पडला तो घराने सत्य वेळेवर ऐकून घेतले म्हणून. रवी जाधव यांच्या 'बालक-पालक' या २०१३ सालच्या मराठी चित्रपटात चाळीतील मुलांना एका तरुणीविषयी वडीलधाऱ्यांकडून कळते ते एवढेच, की तिने 'शेण खाल्ले'. त्या दोन शब्दांचा अर्थ शोधत मुले भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतात. घर बोलत नाही तेव्हा मुलांना बाहेरचे गुरू मिळतात, हे हसत-हसत सांगणारा तो चित्रपट आमच्या मते अनेक व्याख्यानांहून उपयुक्त आहे.

एक गोष्ट मात्र बहुतेक चित्रपटांनी टाळली. कथेतील प्रेम कितीही गोड रंगविलेले असो, अठरा वर्षांखालील मुलगी २०१२ च्या कायद्याने बालक आहे आणि तिची संमती ही संमती मानली जात नाही. गाणी, पाऊस आणि शेकोटी यांच्या मोहात हे विसरले जाते. तसेच अपरिपक्व शरीरावर मातृत्वाचा जो भार पडतो, त्याचेही दर्शन पडदा क्वचित घडवितो.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण देवस्थानांच्या समित्यांवर आहेत, उत्सवांतील नाटके निवडतात, कीर्तनकारांना पाचारण करतात. कर्णाचे आख्यान आपल्याकडे आवडीने लावले जाते आणि त्यात टाळ्या पडतात त्या कर्णाच्या दानशूरतेला. कधी तरी तेच आख्यान कुंतीच्या बाजूनेही सांगितले जावे. जे तिने कुरुक्षेत्रानंतर सांगितले, ते पहिल्याच दिवशी सांगता येईल असे एखादे माणूस कुंतिभोजाच्या राजवाड्यात तिला मिळाले असते, तर दोन भाऊ एकमेकांवर बाण रोखून उभे राहिले नसते. समोर बसलेल्या मुलींना, आणि त्यांच्या आयांनाही, ही गोष्ट ऐकू जाईल.