पगाराच्या मापाने मोजलेली मदत : अमेरिका, २०२०-२१

१/ मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील उपाहारगृहे, केशकर्तनालये, लहान दुकाने एकामागून एक बंद झाली. गल्ला थांबला, जागेचे भाडे आणि नोकरांचे पगार थांबले नाहीत. २७ मार्चला ‘केअर्स’ कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची स्वाक्षरी झाली आणि त्यातून ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्राम’ जन्मास आला. पहिली तरतूद ३४,९०० कोटी डॉलरची होती.

२/ नावाला हे कर्ज. व्याज १ टक्का. अटी पाळल्या तर मुद्दलही माफ. १८८४ च्या कायद्याने आपल्या शेतकऱ्याला मिळणारी तगाई हप्त्यांनी फेडावी लागे, आणि आपल्याकडची कर्जमाफी हा पुढे कधीतरी होणारा राजकीय निर्णय. येथे माफी मूळ कायद्यातच लिहिलेली होती.

३/ मेख होती ती मापात. कर्जाची रक्कम मासिक पगारखर्चाच्या अडीचपट, कमाल १ कोटी डॉलर. ती आठ आठवड्यांत खर्चायची, माफी हवी तर ७५ टक्के पगारावर. भाडे, गहाणाचे व्याज आणि वीज-पाणी उरलेल्या पाव हिश्श्यात. न्यूयॉर्कमधील एखाद्या लहान उपाहारगृहाची कल्पना करा. भाडे अवाढव्य, नोकर चार, आणि आत बसून जेवण्यास बंदी. नोकरांना परत बोलावून काम कोणते द्यायचे? शिवाय जुलैअखेरपर्यंत बेकारभत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळत होते. बेकारी रोखण्याचा सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. पण दुकान वाचले नाही तर नोकरी वाचणार कोठे? ५ जूनच्या दुरुस्तीने पगाराचा हिस्सा ६० टक्क्यांवर आला, मुदत २४ आठवडे झाली.

४/ दुसरी अडचण वाटपाची. लघुउद्योगांसाठीची सरकारी संस्था ‘स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ १९५३ पासूनची. पण तिचा मुख्य शिरस्ता बँकांनी दिलेल्या कर्जांना हमी देण्याचा. लाखो अर्ज स्वतः हाताळण्याची तिची शक्ती नव्हती, म्हणून वाटप बँकांकडे गेले. वेग मिळाला, यात शंका नाही : ३ एप्रिलला खिडकी उघडली आणि १६ एप्रिलला पैसा संपला.

५/ मात्र अनेक बँकांनी आधी आपले जुने खातेदार पाहिले. त्यात शुल्काची रचना अशी : ३.५ लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावर बँकेला ५ टक्के, २० लाखांपासून पुढे १ टक्का. टक्का लहान कर्जाला मोठा दिसतो; पण २० हजारांच्या कर्जावर मिळत हजार डॉलर, ५० लाखांच्या कर्जावर ५० हजार. कागदपत्रांची खटपट दोन्हीकडे बरीचशी सारखीच.

६/ ५०० कर्मचाऱ्यांची मर्यादा उपाहारगृहांच्या साखळ्यांना शाखागणिक लागू होती. त्यामुळे ‘शेक शॅक’ या साखळीला १ कोटी डॉलर मिळाले, ‘लॉस एंजेलिस लेकर्स’ या बास्केटबॉल संघाला सुमारे ४६ लाख. गदारोळ झाल्यावर दोघांनीही रक्कम परत केली. २४ एप्रिलला आणखी ३१,००० कोटी मंजूर झाले. त्यातला काही भाग लहान-मध्यम बँका आणि पतसंस्थांसाठी राखला गेला.

७/ ३१ मे २०२१ रोजी योजना संपली तेव्हा आकडा सुमारे ८०,००० कोटी डॉलरवर आणि कर्जे १ कोटी १० लाखांहून अधिक होती. २०२० मधल्या वाटपाचा हिशेब अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडला : एरवी नोकरी गमावली असती अशा कामगारांपर्यंत पोचला तो २३ ते ३४ टक्के पैसा; उरलेला बहुतांश मालक व भागधारकांकडे गेला.

८/ सर्वांत वाईट गत एकट्याने धंदा करणाऱ्यांची. टॅक्सीचालक, न्हावी, फेरीवाला यांचा पगारखर्च कोणता? त्यांचे कर्ज करविवरणातील निव्वळ नफ्यावर ठरले. खर्च वजा जाता तो कित्येकदा नगण्य. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन सरकारने २० हून कमी कर्मचारी असलेल्यांसाठी दोन आठवडे खिडकी राखून ठेवली. मार्चमध्ये नफ्याऐवजी एकूण उत्पन्न धरण्याची मुभा आली. ती पूर्वलक्षी नव्हती. आधीच्या सूत्राने कर्ज मंजूर झालेल्यांची रक्कम होती तेवढीच राहिली.