मिलिटरी लिलावातली जिप्सी शेतीसाठी घ्यायची? आधी कागद बघा, मग इंजिन

नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत तार, साखळी, शेतीची अवजारं घ्यायला खेड्यापाड्यांतून शेतकरी येतात. माल गावापर्यंत आरामात पोहोचतो. खरी कसरत पुढच्या दोन-तीन किलोमीटरची असते. पावसाळ्यात विदर्भातली काळी माती चाकाला अशी चिकटते की साधी पिकअप पांदण रस्त्यावर जागच्या जागी फिरत राहते. दर खेपेला ट्रॅक्टर काढणं परवडत नाही आणि नवीन फोर-बाय-फोर गाडी १० लाखांच्या पुढे जाते.

मग मोबाईलवर एखादं रील समोर येतं. 'मिलिटरी डिस्पोजल जिप्सी, कमी किमतीत, शेतासाठी एक नंबर.' गाडी खरंच दणकट असते. पण अशा व्यवहारात पैसे बुडतात ते बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, कागदांमुळे.

लष्कराच्या कोणत्या गाड्या मिळतात?

मारुती जिप्सी: १९८५ साली बाजारात आली. सुरुवातीला ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ मध्ये १३०० सीसीचं आलं. वजन साधारण एक टन, त्यामुळे चिखलात कमी रुतते. ताडोबा, पेंचच्या सफारीत हीच गाडी दिसते, म्हणून ती ओळखणारे मेकॅनिक विदर्भात सापडतात. पण कंपनीने ती कायम पेट्रोलवरच दिली. म्हणजे ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेलं डिझेल हिच्या कामाचं नाही.

जोंगा: निस्सान पेट्रोलवर आधारलेली ही गाडी १९६९ पासून सुमारे तीस वर्षं जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनली. सहा सिलिंडरचं जवळपास ४ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्यामुळे ताकद भरपूर आणि तहानही तेवढीच. अनेकांनी त्यात डिझेल इंजिन बसवून घेतलंय. ते कायदेशीर आहे का, हे पुढे येईलच.

महिंद्राच्या जीप: महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. लष्करातल्या नंतरच्या डिझेल जीप शेतीला सोयीच्या, कारण रचना साधी आहे आणि सुटे भाग तुलनेने सहज मिळतात.

शक्तिमान ट्रक: जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर हाही जबलपुरातच बनायचा. दिसायला रुबाबदार, पण एका कुटुंबाच्या शेतीला तो झेपणारा नाही. जड वाहनाचा परवाना लागतो आणि पांदण रस्त्यावर वळवणंही अवघड.

निवड कशी करायची?

आधी ओझं मोजा. जिप्सी ५०० किलोच्या वर्गातली गाडी. दोन माणसांचे १४० किलो वजा केले तर ३६० किलो उरतात, म्हणजे २० किलोचे १८ कॅरेट. माणसं, बियाणं, खताच्या चार-सहा गोण्या, फवारणीचं सामान यासाठी हे पुरेसं आहे. संत्र्याचा अख्खा तोडा वाहायला नाही. पुढे लष्करालाही ८०० किलो वाहणारी गाडी हवी होती. म्हणूनच २०१७ मध्ये ३,१९२ सफारी स्टॉर्मची ऑर्डर टाटाला गेली.

मग जमीन बघा. भारी काळ्या मातीत हलकी गाडी आणि खोल नक्षीचे टायर कामाला येतात. मुरमाड, चढ-उताराच्या जमिनीत थोडी जड जीपही चालते.

गाडी मिळते कुठे?

संरक्षण खात्याचा निकामी माल प्रामुख्याने एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकला जातो. त्यासाठी नोंदणी आणि अनामत रक्कम लागते. माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर मिळतो, नंतर तक्रार चालत नाही. एका लॉटमध्ये बऱ्याचदा अनेक गाड्या असतात, त्यामुळे बोली लावणारे बहुतेक व्यापारीच असतात आणि शेतकऱ्यापर्यंत गाडी त्यांच्यामार्फत येते. बोलीच्या रकमेवर कर आणि गाडी आणण्याचा खर्च वेगळा.

सगळ्यात महत्त्वाचं: कागद

लष्कराच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो. तिच्या पाटीवर वर टोक असलेला बाण आणि पुढे वर्षाचे दोन अंक असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० नुसार तिची नोंदणी वेगळी होते. ती लष्कराच्या मालकीतून बाहेर पडली की सामान्य गाडीचे नियम लागतात आणि नव्याने नोंदणी करावी लागते.

त्यासाठी लागतो फॉर्म २१, म्हणजे संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र. झेरॉक्स किंवा व्यापाऱ्याने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेला करार त्याची जागा घेऊ शकत नाही. सोबत फॉर्म २० चा अर्ज, विमा आणि पत्त्याचा पुरावा. नोंदणी झाली की नागपूर शहरात एमएच-३१, पूर्व नागपुरात एमएच-४९ आणि ग्रामीण भागात एमएच-४० ची पाटी लागते.

'आपल्याला रस्त्यावर न्यायचीच नाही, शेतातच चालवू,' असं अनेकांना वाटतं. पण कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेसोबत 'इतर कोणतीही जागा' असेही शब्द आहेत. नोंदणी नसलेली गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. त्याहून मोठी भीती अपघाताची. विमा नसताना मजुराला इजा झाली तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते.

१५ वर्षांचा नियम

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जातात. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातल्या चिलखती आणि विशेष वाहनांना. त्यामुळे लिलावाच्या यादीत गाडी 'वापरण्याजोगी' म्हणून आहे की 'भंगार' म्हणून, हे आधी वाचा. भंगार म्हणून विकलेल्या जिप्सीला रंग मारला म्हणून ती रस्त्यावरची गाडी होत नाही.

खासगी नोंदणी झाली तरी १५ वर्षांनंतर नूतनीकरण आणि फिटनेस आलंच. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो.

रंग आणि इंजिन

ऑलिव्ह ग्रीन रंग नियमाने फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. रीलमध्ये कितीही भारी दिसला तरी बदलावा लागतो. कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. म्हणून डिझेल इंजिन टाकलेली जोंगा घेताना त्या बदलाला आरटीओची मंजुरी आहे का, हे विचारा.

बघायला जाताना काय तपासायचं?

- चेसिस आणि इंजिन नंबर फॉर्म २१ शी जुळतो का
- चेसिसवर गंज, तडे किंवा वेल्डिंग आहे का
- फोर-व्हील आणि लो गिअर प्रत्यक्ष पडतो का, चिखलात तोच कामाला येतो
- पाट्यांच्या स्प्रिंग, ब्रेक आणि रेडिएटरची अवस्था
- सोबत गाडी ओळखणारा मेकॅनिक आहे का

हे सगळं झाल्यावर किंमत, कर, वाहतूक, दुरुस्ती, टायर, नोंदणी आणि विमा यांची बेरीज करा. ती चांगल्या स्थितीतल्या, आधीच आरटीओ नोंदणी असलेल्या जुन्या जिप्सीच्या किंवा जीपच्या किमतीजवळ गेली, तर मिलिटरीच्या गाडीचा मोह सोडलेला बरा. बेरीज कमी आली आणि मूळ फॉर्म २१ हातात असेल, तरच सौदा करा. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्यायचे.