देवीची लस : गुण आणि धोका

माझ्या वर्गातील मुलांना मी एकदा विचारले, "तुमच्यापैकी कोणाच्या दंडावर देवीचा वण आहे?" प्रश्न कोणालाच नीट कळला नाही. एकदोघांनी क्षयाच्या लशीचा लहानसा वण दाखविला. मग मी स्वतःची बाही वर केली. देवीचा वण माझ्याही दंडावर नाही. आपल्या देशात देवीची लस देणे थांबले, त्यानंतर माझा जन्म झाला. जो वण माझ्या आजीच्या पिढीत घरोघर दिसे, तो आज केवळ वडीलधाऱ्यांच्या दंडावर उरला आहे. मुलांना त्या वणाची हकीकत सांगावी म्हणून मी थोडे वाचन केले. ते करताना लहानपणी आजीकडून ऐकलेली एक गोष्ट वारंवार आठवत राहिली.

माझे पणजोबा धार संस्थानातील एका खेड्यात शिक्षक होते. आमचे घर ख्रिस्ती, आणि शेजारची सर्व घरे शीतलामातेला मानणारी. होळीनंतरच्या शीतलासप्तमीला शेजारी चूल पेटत नसे, आणि आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न आमच्याही घरी येई. गावात देवीची साथ आली म्हणजे कडुनिंबाचे डहाळे मात्र दोन्हीकडच्या दारांवर लागत. एका वैशाखात देवी काढणारा माणूस गावात आला आणि त्याने आजीच्या धाकट्या भावाच्या दंडावर टोचले. आठ दिवसांत तेथे फोड यावयास हवा होता, तो आलाच नाही. टोचल्याची खूण तशीच वाळून गेली. पुढच्या वर्षी त्या मुलाला देवी आल्या. जीव वाचला, पण एक डोळा गेला. आजी सांगे, "देवी काढल्या होत्या रे, तरी आल्या." त्यानंतर कित्येक वर्षे त्या आळीत देवी काढणारा आला की आया मुलांना घेऊन मागच्या दाराने शेतात निघून जात.

श्रोतेहो, त्या आयांना आपण अडाणी म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. लस चांगली की वाईट, हे त्या आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून ठरवीत होत्या. लशीच्या परीक्षेसाठी आपण सामान्यतः दोन मापे लावतो. तिने रोग किती अडविला हे एक, आणि तिने स्वतः किती अपाय केला हे दुसरे. परंतु देवीच्या लशीचा इतिहास पाहिला असता आणखी एक माप लावावे लागते. ती लस माणसाच्या दंडापर्यंत कोणत्या स्थितीत पोहोचली, हे ते तिसरे माप होय.

लशीच्या आधीचा उपाय म्हणजे खुद्द देवीच्याच फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचणे. बंगालकडे हे काम टीकादार पिढ्यान् पिढ्या करीत असत. हा उपाय गुणकारी होता यात शंका नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १७२१ साली मोठी साथ आली, तेव्हा याचा हिशेब ठेवला गेला. त्या साथीत ५,८८९ लोकांना देवी आल्या आणि त्यांपैकी ८४४ मरण पावले, म्हणजे शंभरांत चौदा. ज्या सुमारे २५० लोकांना टोचले होते, त्यांत ६ दगावले, म्हणजे शंभरांत दोन-अडीच. दोन मार्गांतील धोका आकड्यांनी ताडून पाहण्याचा हा फार जुना प्रयत्न म्हणावा लागेल. तथापि या उपायात एक मोठे वैगुण्य होते. टोचून घेतलेल्या माणसाला खऱ्याच देवी येत, आणि त्याच्यापासून त्या शेजाऱ्याला लागत. जो स्वतः वाचला, तो दुसऱ्याच्या घरी रोग नेऊ शके.

इंग्लंडमधील डॉक्टर एडवर्ड जेन्नर याने १४ मे १७९६ रोजी गवळणीच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला, आणि हे वैगुण्य दूर झाले. गोस्तनदेवी सौम्य असते, ती खोकल्या-शिंकण्यातून पसरत नाही, आणि तरीही देवीपासून संरक्षण देते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही झेप फार मोठी होती. परंतु ही लस बाटलीत भरून जगभर पाठविण्याची सोय त्या काळी नव्हती. एका मुलाच्या दंडावरचा फोड आठव्या दिवसाच्या सुमारास पिकला की त्यातला द्रव दुसऱ्या मुलाच्या दंडात घालावयाचा, अशी ती साखळी होती. १८०३ साली स्पेनच्या राजाने अमेरिका खंडात लस पाठविली, ती २२ अनाथ बालकांच्या दंडांवरून. आपल्याकडे लस आली ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा या मार्गाने. मुंबईत ती अनेक मुलांना टोचण्यात आली, पण लागली एकाच मुलीला. तिचे नाव ॲना डस्टहॉल, वय तीन वर्षे, आणि दिवस १४ जून १८०२. तिच्या दंडावरूनच ही लस पुढे देशात पसरली.

ही साखळी लशीच्या प्रसाराचे साधन होती, तशीच भयाचेही कारण होती. एका मुलाच्या रक्तातील दुसरा रोग या मार्गाने जाऊ शकतो, ही शंका निराधार नव्हती. इटलीतील रिव्हाल्टा गावी १८६१ साली एका बालकाच्या दंडावरून घेतलेल्या लशीबरोबर उपदंशाचा रोग अनेक मुलांत पसरला. आपल्याकडे तर ते मूल कोणत्या जातीचे, हाही प्रश्न असे. शिवाय आपल्या लेकराच्या पिकल्या फोडावर पुन्हा शस्त्र लावू देण्यास आई कचरे. पुढे महात्मा गांधींनीही लशीला उघड विरोध केला होता, हे आपण विसरता कामा नये. लशीविषयीचा संशय केवळ खेड्यापाड्यांतच होता असे नाही.

यावर उपाय निघाला तो वासराच्या अंगावर लस तयार करण्याचा. मुंबईत १८६९ च्या सुमारास डॉ. अनंत चंद्रोबा यांनी या पद्धतीचा पाया घातला. ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे सहाध्यायी. पुढे लशीत ग्लिसरीन मिसळू लागले. त्यामुळे तिच्यातील इतर जंतू मरत आणि ती अधिक काळ टिके. माणसाचा रोग माणसाला लागण्याची भीती आता राहिली नाही. बेळगावसारख्या ठिकाणी लस तयार करण्याच्या संस्था उभ्या राहिल्या. कागदावर पाहिले तर गुण आणि सुरक्षितता या दोन्ही मापांनी ही लस मागच्या सर्वांहून सरस ठरली.

पण तिसरे माप येथेच आडवे आले, आणि ते समजण्यासाठी पुन्हा माळव्यात यावे लागते. मुंबई-आग्रा रस्ता खलघाटाजवळ नर्मदा ओलांडतो, घाट चढून महूला येतो आणि इंदूरवरून देवासकडे जातो. धारला जावयाचे तर महूहून पश्चिमेस पन्नासएक किलोमीटर वळावे लागते. संस्थानच्या काळात धारला आगगाडी नव्हती. तेथून पुढची वाट बैलगाडीची, नाही तर पायांची. माळव्याची रात्र थंड म्हणून प्रसिद्ध असली, तरी वैशाखातील दुपारी पारा चाळिसाच्या वर जातो. ही पातळ लस अशा उष्णतेत थोड्याच दिवसांत निकामी होई. नळीत पाहून ती जिवंत की मेलेली हे कळण्याचा काही मार्ग नसे. टोचणाऱ्याने आपले काम प्रामाणिकपणे केले तरी मुलाच्या दंडात जाणारा थेंब निर्जीव असू शके. माझ्या आजीच्या भावाच्या दंडावर फोड का आला नाही, याचे उत्तर मला येथे दिसते. जी लस शहरात शंभरांतील बहुतेकांना लागे, तीच धारच्या खेड्यात नुसता ओरखडा ठरे. आणि न लागलेल्या लशीने मुलाबरोबर आईचा विश्वासही गमावला जाई.

देवास हे दुसरे उदाहरण. तेथे पवारांच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन गाद्या एकाच गावात नांदत होत्या, आणि गावातूनच दोन राज्यांची हद्द जाई. एका राज्यात लस कसून दिली आणि दुसऱ्यात हयगय झाली, तर देवीचा रोग हद्दीवर थांबून परवाना थोडाच विचारणार! लशीचा गुण एकट्या माणसापुरता मोजून भागत नाही, तो साऱ्या वस्तीचा मिळून मोजावा लागतो. १९४८ साली धार आणि देवासची दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, आणि १९५६ साली मध्य प्रदेश राज्य झाले. १९६२ साली साऱ्या देशासाठी देवी निर्मूलनाची एकच मोहीम सुरू झाली.

या मोहिमेला खरे बळ दिले ते गोठवून सुकविलेल्या लशीने. लंडनच्या लिस्टर संस्थेतील लेस्ली कॉलिअर यांनी १९५० नंतरच्या दशकात ही कृती पक्की केली. ही भुकटी ३७ अंश उष्णतेत महिनाभर सहज टिके, आणि टोचण्यापूर्वी ती द्रवात कालवीत. प्रथम रशियाने आपल्याला ही लस मोठ्या प्रमाणावर दिली. पुढे बेळगाव, गिंडी, हैदराबाद आणि पटवाडांगर येथे ती तयार होऊ लागली. लक्षात घ्या, ही लस वासराच्या पातळ लशीहून निराळी नव्हती. तिचा मूळ गुण तोच आणि तिचे धोकेही तेच होते. फरक एवढाच, की ती खेड्यात जिवंत पोहोचे.

टोचण्याचे साधनही बदलले. पूर्वी दंडावर टेकवून गर्रकन फिरवावयाचे दातेरी हत्यार असे. त्याच्या वेदनेची आठवण कित्येक वृद्ध अजून काढतात. त्याच्या जागी दोन टोकांची साधी सुई आली. तिच्या टोकांत लशीचा नेमका थेंब धरला जाई, आणि त्याच लशीत पूर्वीच्या चौपट माणसांना टोचता येई. १९७३ साली ज्या चार राज्यांत देवी ठाण मांडून होती, त्यांत मध्य प्रदेश होता. तेथे कार्यकर्ते देवीच्या रोग्याचे चित्र हातात घेऊन घरोघर, बाजारांत आणि शाळांत रोगी शोधू लागले. रोगी सापडला की त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस देत. १९७४ साली देशात सुमारे १ लाख ८८ हजार रोग्यांची नोंद झाली होती. मे १९७५ मध्ये शेवटचा रोगी आढळला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला. ८ मे १९८० रोजी सारे जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

येथवर आल्यावर लशीचा हिशेब उलटा फिरतो. पहिल्यांदा लस घेणाऱ्या दहा लाखांत एखादा माणूस तिच्यामुळे दगावे, असे अमेरिकेत १९६८ साली केलेल्या पाहणीत दिसले. मेंदूला सूज येणे, इसब असलेल्या मुलाच्या साऱ्या अंगावर फोड उठणे, असे अपाय तिच्यातून कधीकधी होत. गावात शंभरांतील वीस-तीस रोगी देवीने मरत होते, तेव्हा दहा लाखांत एक हा धोका पत्करण्याजोगा होता. देवी दिसेनाशा झाल्यावर तोच धोका अधिक वाटू लागला, आणि ब्रिटनने १९७१ साली व अमेरिकेने १९७२ साली सर्वांना लस देणे बंद केले. लस तीच होती, तिच्यासमोरचे संकट बदलले होते.

त्याच सुमारास जर्मनीत आणि जपानमध्ये अधिक सौम्य लशी तयार झाल्या. जर्मनीतील लस कोंबडीच्या भ्रूणपेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवून इतकी दुबळी केली होती, की ती माणसाच्या अंगात जवळजवळ वाढतच नाही. सुरक्षिततेत ती जुन्या लशीहून निश्चित सरस आहे. परंतु खऱ्या देवीच्या साथीत तिची परीक्षा झालेली नाही, आणि ती होऊ नये अशीच आपण प्रार्थना करू. तिच्यापासून निघालेली लस २०२२ साली मंकीपॉक्सच्या साथीत उपयोगी पडली.

मग कोणती लस चांगली? माझे उत्तर असे, की ज्या लशीने देवीला जगातून घालविले ती सर्वांत सौम्य नव्हती, पण ती धारच्या खेड्यातील उन्हात टिकली. आणि ती घेऊन येणारा माणूस आठ दिवसांनी फोड आला की नाही हे पाहण्यास पुन्हा त्या दारी जाई. माझ्या आजीच्या भावाकडे तसे परत कोणी आले असते, तर लस लागली नाही हे कळले असते आणि पुन्हा टोचता आले असते. तो पुढे पुष्कळ वर्षे जगला. एका डोळ्याने तो मुलांना वाचून दाखवी. त्याच्या नातवंडांच्या दंडावर आज देवीचा वण नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही.