परवाना आणि हक्क
चांदा-गडचिरोलीत आम्हांला 'निस्तार' ठाऊक आहे : घरापुरता बांबू आणावा, विकू नये. वापर निराळा, देणे निराळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली सॉफ्टवेअरसाठी काढलेल्या जीपीएल परवान्यातही हा भेद आहे. मात्र तेथे देण्यास मनाई नाही, देणाऱ्यावर कर्तव्य आहे. सॉफ्टवेअरची प्रत द्याल, तर दुरुस्तीसाठी तिचा मूळ सोर्स कोडही द्यावा लागतो.

पण धन्याने प्रत न देता आपल्याच यंत्रावर शंभर जणांना दुरून काम करू दिले, तर हे कर्तव्य लागूच होत नाही. २००७ च्या जीएनयू अफेरो परवान्याने ही वाट बुजविली : बदललेले सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरू देणाऱ्यानेही सोर्स कोड वापरणाऱ्यांना उपलब्ध करावा.

मेंढा-लेखाला वनहक्क २००९ साली मिळाला. बांबूच्या वाहतूक-परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले २०११ साली. साधन हाती येईपर्यंत हक्क कागदावरच राहतो, हे आम्ही तेथे शिकलो.