पूर्णाकाठची पावली

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याचा पायथा आणि पूर्णा नदी यांच्या दरम्यानच्या सपाट मुलखात वसलेल्या वरवट बकाल परिसराचा नृत्येतिहास पाहताना वारकऱ्यांच्या पावलीचा विचार प्रथम करावा लागतो. पावली म्हणजे टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर, मुखाने अभंग म्हणत टाकलेल्या सामूहिक पदन्यासाची रीत होय. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, वीणेकरी मध्ये असतो, आणि मृदंगाची लय विलंबितातून द्रुतात जाऊ लागली की एकाच वेळी पुढे, मागे आणि बाजूला पडणारी पावले कमरेतून झुकत अधिकाधिक वेगवान होतात.

नाट्यशास्त्रकार भरतमुनींच्या परंपरेत अर्थाभिनय नसलेल्या शुद्ध नर्तनास ‘नृत्त’ म्हणतात. वरकरणी पावली तशीच भासते, परंतु तिचा अर्थ हस्तमुद्रांतून नव्हे, तर गायल्या जाणाऱ्या नामातून येतो. कीर्तनाच्या रंगी नाचणाऱ्या नामदेवांची आठवण संप्रदायाने म्हणूनच जिवापाड जपली. येथे नर्तक आणि प्रेक्षक असा भेद उरत नाही, हेच या नृत्याचे खरे मोठेपण.

वरवट बकालच्या दक्षिणेस असलेल्या शेगावी १८७८ साली गजानन महाराज प्रकट झाले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली. त्यानंतर तेथील संस्थानाने पंढरीची पायी वारी चालवून व गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, वीणा, मृदंग देऊन या परंपरेला भक्कम आधार दिला. उत्तरेकडे, सातपुड्यातील कोरकू आदिवासींचे नृत्य मात्र ढोल आणि बासरीच्या साथीने, वेगळ्याच देवतांसमोर रंगते.