अतिया फैजी यांची लंडनची रोजनिशी व विद्यापीठांतील मुसलमान कन्यका

नाशिक जिल्ह्यांत मालेगांव हें मोमीन विणकरांचें मोठें शहर आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या कुटुंबांनीं येथें हातमाग आणले, तशी उर्दू भाषाही आणली. त्या कुटुंबांतील मुली आज महाविद्यालयांत व विद्यापीठांत शिकत आहेत. मुलगी घर सोडून दूर शिकावयास निघाली म्हणजे वडील मंडळी एक प्रश्न विचारतात: ही तेथें आपला धर्म कसा राखील? या प्रश्नांत काळजी असते. क्वचित् ‘मग नकोच ती विद्या’ असा निर्णयही दडलेला असतो. तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लींत गुरु जो उपदेश करितो, तो अध्ययन संपवून परतणाऱ्या शिष्यास आहे. घर सोडून अध्ययनास निघणाऱ्या कन्येस उपदेश कोणी करावा?

धर्मनिर्णय देण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्ही अन्य धर्माचे. तो अधिकार त्या धर्मांतील विद्वानांचा व विदुषींचा आहे. परंतु हा प्रसंग पूर्वीं कोणावर आला होता काय, तिनें तो कसा निभावला, व त्यास समकालीन लेखी पुरावा आहे काय, एवढें पाहणें आमच्या कक्षेंत येतें. असा पुरावा आहे, व तो मुंबई-कोंकणांतल्या एका घराण्याचा आहे.

अतिया फैजी यांचा जन्म १८७७ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथें झाला. घराणें मुंबईच्या सुलेमानी बोहरा व्यापाऱ्यांचें असून न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या कुळाशीं नात्यानें बांधलेलें होतें. एक बहीण झेहरा. दुसरी नाझली, ही जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांची बेगम. या कुळांतील एक चाल आमच्या वाचकांस विशेष वाटेल. त्यांच्या घरांतून ‘अखबार की किताब’ नांवाच्या वह्या ठेविलेल्या असत, व त्यांत घरांतील स्त्रीपुरुष घडलेल्या गोष्टी उर्दूंत लिहून ठेवीत. आमच्या बखरी व कैफियती बहुतेक पुरुषांच्या हातच्या. येथें लेकीसुनांचे हात कागदावर दिसतात. लिहिणें हा जेथें घरचाच रिवाज होता, तेथून अतिया १९०६ मध्यें सरकारी शिष्यवृत्ति घेऊन लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजांत अध्यापनाचें शिक्षण घेण्यास गेल्या.

तेथून त्या आपल्या रोजनिशीचीं पानें झेहरा यांस पाठवीत. झेहरा यांनीं तीं नीटनेटकीं करून लाहोरच्या ‘तहजीबुन्निसवां’ या स्त्रियांच्या साप्ताहिकांत छापविलीं. १९२१ मध्यें ‘जमाना-ए-तहसील’ म्हणजे ‘अध्ययनाचा काळ’ या नांवानें त्यांचें पुस्तक झालें. शिवॉन लॅम्बर्ट-हर्ली व सुनील शर्मा यांनीं केलेलें त्याचें सटीप इंग्रजी भाषांतर २०१० मध्यें प्रसिद्ध झालें आहे.

या साधनाची किंमत ठरवितांना सावधगिरी पाहिजे. जें छापलें गेलें तें बहिणीच्या हाताखालून गेलेलें आहे, व तें पडद्यांतील सभ्य स्त्रिया वाचणार हें जाणून छापलेलें आहे. तेव्हां तेथें जें नाहीं, तें घडलेंच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. परंतु हीच गोष्ट उलट बाजूनें पाहिली म्हणजे पुराव्याचें बळ वाढतें. परदेशीं एकटी शिकणारी मुसलमान स्त्री आपली दिनचर्या स्वधर्मीय स्त्रियांपुढें उघडपणें मांडते, व त्यांचें साप्ताहिक ती आनंदानें छापतें. विद्या व धर्म यांचें वैर त्या समाजांतील सर्वांसच मान्य होतें, या समजुतीस येथें बाध येतो.

आतां आचरणाकडे वळूं. त्या काळच्या छायाचित्रांत अतियांचें मस्तक आच्छादिलेलें व मुख उघडें दिसतें. चेहरा झांकणारा पडदा त्यांनीं घेतला नाहीं, आणि इंग्रज वेषांत त्या मिसळूनही गेल्या नाहींत. ही मर्यादा सर्वांनीं स्वीकारावी असें आमचें म्हणणें नाहीं. मर्यादा कोठें आंखावयाची याचा विचार त्यांनीं स्वतः केला, हें महत्त्वाचें.

दुसरी गोष्ट संगतीची. ‘इक्बाल’ हें त्यांचें पुस्तक १९४७ मध्यें मुंबईस निघालें. त्यावरून दिसतें कीं, १९०७ मध्यें हिंदी विद्यार्थ्यांची विचारपूस करणाऱ्या मिस बेक यांच्या घरीं त्यांची कवि महंमद इक्बाल यांच्याशीं भेट झाली, व पुढें केंब्रिजला सय्यद अली बिलग्रामी यांच्याकडे त्या गेल्या. हे बिलग्रामी तेथील विद्यापीठांत मराठीचे अध्यापक होते, हें मराठी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. या मंडळींत तत्त्वज्ञानाच्या चर्चा चालत. म्हणजे परक्या नगरांतही विद्वान् स्वधर्मीयांचा सहवास त्यांस लाभला, आणि त्यासाठीं इतरांची संगत त्यांस तोडावी लागली नाहीं.

अभ्यासक्रम मात्र पुरा झाला नाहीं. १९०७ मध्येंच त्या परतल्या. यावरून प्रयत्न फसला असें कोणी म्हणेल, तर पुढील आयुष्य त्याच्या विरुद्ध साक्ष देतें. हिंदी संगीतावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१४ मध्यें लंडनला छापला गेला. १९६७ मध्यें कराचीस त्यांचा अंत झाला. पदवी हातीं न येतांही अध्ययन टिकलें, ही गोष्ट परीक्षेस भिणाऱ्या मुलींना सांगण्यासारखी आहे.

हें सर्व नवें होतें असेंही नाहीं. हदीसच्या जुन्या हस्तलिखितांवर ‘समाअ’ नांवाचीं टिपणें आढळतात. अमुक दिवशीं, अमुक स्थळीं, अमुक गुरूपुढें ग्रंथ वाचला गेला, व तो ऐकण्यास कोण कोण बसले होते, हें त्यांत नोंदलेलें असतें. त्या नांवांत स्त्रियांचीं नांवें आहेत; क्वचित् गुरुस्थानींही स्त्रीच असते. इ. स. च्या ११ व्या शतकांत मर्वची करीमा ही विदुषी मक्केंत बुखारीचा हदीससंग्रह शिकवीत असे, व बगदादच्या खतीबासारख्या पंडितानें तो तिच्यापुढें वाचला होता. स्वधर्माचें ज्ञान ऐकीव न ठेवतां ग्रंथावरून मिळविणें, ही त्या परंपरेची शिकवण. विद्यापीठांत इतर विषय ज्या कसोशीनें अभ्यासिले जातात, त्याच कसोशीनें स्वधर्माचे ग्रंथ अभ्यासणाऱ्या मुलीस सहाध्यायांच्या शंकांचें भय वाटण्याचें कारण उरत नाहीं.

प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं. चेंबूरच्या एका महाविद्यालयानें हिजाब, बुरखा इत्यादिकांस मनाई केली, तेव्हां विद्यार्थिनी न्यायालयांत गेल्या. जून २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांची याचिका फेटाळली. ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें त्या परिपत्रकाच्या कांहीं भागास अंतरिम स्थगिति दिली. त्या मुली न्यायालयांत गेल्या त्या वर्गांत बसतां यावें म्हणून, हें मात्र वाद करणाऱ्या उभय पक्षांनीं विसरूं नये. एकीकडे ‘धर्म राख, विद्या सोड’ म्हणणारे, व दुसरीकडे ‘विद्या घे, खूण सोड’ म्हणणारे. या दोहोंच्या मध्यें उभ्या राहणाऱ्या मुलीस अतियांच्या पानांत सोबत मिळेल.

ती सोबत मिळते याचें कारण पानें राहिलीं, हें होय. याच्या उलट उदाहरण पुण्याच्या फातिमा शेख यांचें. सावित्रीबाई फुले यांच्या १८५६ मधील एका पत्रांत त्यांचा ओझरता उल्लेख येतो. त्याखेरीज समकालीन पुरावा फार थोडा. त्यामुळें अलीकडे त्या होत्या कीं नव्हत्या येथपर्यंत वाद गेला. शिकवितांना त्यांनीं आपला धर्म कसा सांभाळला, हें सांगणारी त्यांच्या हातची ओळ आपल्यापुढें नाहीं.

म्हणून शिकणाऱ्या मुलींस आमचें एवढेंच सांगणें कीं, घरीं नियमानें लिहावें, व स्वतःसाठींही लिहावें. आजचे दिवस व आजचे निर्णय तारखेसह नोंदावे. संग्राहकांस सांगणें असें कीं, नाशिक व मालेगांवच्या जुन्या घरांतून सनदा व फर्मानें शोधतांना त्याच पेटींतील उर्दू वह्या, मुलींचीं पत्रें व शाळेचीं टिपणें रद्दींत जाऊं देऊं नयेत. मालकाची, व लिहिणारी हयात असल्यास तिचीही, संमति घेऊन त्यांची यादी करावी. ‘आमच्यांत मुली कधीं शिकल्याच नाहींत’ असें पुढें कोणी म्हणूं लागल्यास उत्तर द्यावयास तेवढेच कागद उपयोगी पडतील.